पडद्यामागची थाप

विरजण आणायला गेले होते, एवढंच. आईनं वाटी हातात दिली नि म्हणाली, "बस जरा झुंबरबाईकडं. सावकाश ये." दादा, माझे वडील, आत पडले होते.

बारा वर्षं वसतिगृहात काढून, बेंगळुरूला शिकून मी नुकतीच परतले होते. शिंगणापूरच्या शिवेवरची आमची वस्ती; तिथल्यासारखीच आमच्याही घरांना दारं नाहीत. चौकट, आणि तिला पडदा. मैत्रिणींना मी फुशारकीनं सांगायचे, आमच्याकडं कुणाला कुणाची भीती नाही.

दुपारचे दोन. उन्हानं कुत्रीसुद्धा गप्प. झुंबरमावशी वाटीत विरजण घालत होत्या, तेवढ्यात शेजारच्या अमृतच्या घरातून आवाज आला.

धप्... धप्... धप्.

बंद दारावर कुणी आतून तळहात आपटावेत तसा.

"मावशी, त्यांना दार आहे?"

"न्हाई." त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

"मग हे...?"

"मालनबाई हाय ती. अमृतची आई. नवऱ्यानं मारून टाकली तिला... आमी सात घरं ऐकत बसलो. तवापासून बाईवर हात पडला की ती दार ठोकती. आज सुनेची पाळी. ज्ञानेश्वरीची."

"आणि तुम्ही टीव्ही लावता?"

"लई शिकलीस ना? सांग, दुसऱ्याच्या संसारात कसं शिरायचं?"

"पायांनी," मी म्हणाले आणि उठले.

अमृतच्या चौकटीत विटका हिरवा पडदा होता. मी ढकलला. हलला नाही. कापडाखाली जुनं, गार लाकूड लागलं. बंद पेटीसारखा कुबट वास आला. आत पट्टा वाजत होता.

"बाया हो, या! एकटीनं उघडत नाही!" मी हाक मारली.

झुंबरमावशी आल्या. दह्याचा हात पदराला पुसून त्यांनी माझ्या हाताशेजारी टेकवला. लाकूड करकरलं. शिलाईचं काम टाकून आफ्रीनभाभी आली. मग आणखी दोघी. पाचवा हात लागला आणि फळीचं एकदम कापड झालं. आम्ही आत कोसळलो.

"कुणाच्या घरात शिरलात, कळतंय का?" अमृत ओरडला.

"तुझ्या आईच्या," मावशी म्हणाल्या. "वीस वर्सं उशिरा." आणि त्याच्या हातातला पट्टा त्यांनी काढून घेतला. भाभीनं पोलिसांना फोन लावला. ज्ञानेश्वरीला आम्ही धरून बाहेर आणलं.

घरी येऊन पाहिलं, तर माझ्या तळहातात लाकडाची बारीक कपची रुतलेली.

आठ दिवस झाले. तक्रार नोंदवून ज्ञानेश्वरी मावशींकडंच राहिली होती. भरदुपारी आईनं मला पुन्हा तिकडं पाठवलं. "सावकाश ये," म्हणाली.

आम्ही ओसरीवर शेंगा फोडत होतो.

धप्... धप्... धप्.

सगळ्यांच्या आधी ज्ञानेश्वरी उठली. गल्लीत जाऊन तिनं कान दिला. मग वळून माझ्याकडं पाहिलं.

"ताई... तुमच्या घरून येतंय."

घरात आई आणि दादा दोघंच होते.

बाया माझ्याआधी चालू लागल्या. वारा सुटला होता. गल्लीतले सगळे पडदे हलत होते. फक्त आमचा नाही.