खळ्याची मधली जागा

प्रज्वल, तो मोबाईल ठेव बाजूला. मीनल, दार लोटून घे. हे भगवानरावचं सांगून राह्यलो, माझ्या भिंतीला भिंत लागून राहतो त्या भगवानरावचं.

त्याच्या अनुपनं जैनथ रस्त्यावरच्या वावरात घोडेस्वारी शिकवायला हॉल बांधला. छत टिनाचं, भिंती टिनाच्या, खाली वाळू. नकाशा आला तेव्हा मी होतोच. चहाला गेलो होतो. भगवानरावनं कागदाच्या मधोमध बोट ठेवलं.

"इथं आपलं खळं होतं. येवढी जागा सोड."

"बाबा, मधात जागा सोडली तर घोडे काय उडत जातीन?"

भगवानरावनं बोट उचललं नाही. जागा काऊन मागतो, ते मला ठाऊक होतं. वीस वर्षांआधी मूग भिजून राह्यले होते, म्हणून त्यानं बैल मळणीला जुंपला. तेही पोळ्याच्या दिवशी! दोरानं मधल्या मेढीच्या खांबाला बांधलेला तो पाखऱ्या फिरता फिरता पडला, तो मेलाच. तिथंच मीठ टाकून पुरला.

दोन हजार चोवीसचा पोळा. दोन सप्टेंबर, सोमवार. संध्याकाळी सव्वासातला भगवानराव पुरणपोळी घेऊन निघाला. "कुठं?" म्हटलं. "आलोच."

हॉलच्या मधात त्यानं पोळी ठेवली. तेवढ्यात अनुपनं बाहेरून दार सरकवलं, कुलूप लावलं अन् गाडी काढली. उद्या घोडे येणार होते. आत बाप आहे हे त्याला काय माहीत! भगवानरावनं हाका मारल्या, त्यानंच मला मागून सांगितलं. टिनावर पाऊस. कोण ऐकणार?

घरचे समजले, माझ्याकडं बसला असंन. मी समजलो, घरी आला. एरवी कुणाच्याही घरात नाक खुपसतो मी. त्या रात्री नाही खुपसलं.

पाऊस थांबला.

आणि घुंगरं...

भिंतीच्या कडेकडेनं. सावकाश.

भगवानराव दाराकडं निघाला. घुंगरं दाराशी येऊन थांबली. तो मागं सरला. फेरा पुन्हा सुरू.

लहान फेरा.

दोर खांबाला गुंडाळत गेला, की फेरा आखडतो... आणखी लहान... आणखी...

"काका, पण खांब कुठं होता तिथं?"

मधात कोण उभं होतं, मीनल?

...

सकाळी साडेसहाला अनुपनं कुलूप काढलं. भगवानराव मधोमध उभा. हात अंगाला चिकटलेले. वाळूवर त्याच्या एकट्याचीच पावलं.

सगळे म्हणाले, म्हातारा भ्याला. मी त्याला आंघोळीला बसवलं, सदरा काढला. छातीपासून कंबरेपर्यंत दोराचे वळ. एकाखाली एक.

काल पुन्हा पाह्यले मी.

ताजेच आहेत.