येर्कोच्या खाडीतलं विष

"माझ्या खाडीत विष टाकलंय," खासगी गुप्तहेर नेवेंका बुलिचच्या स्प्लिट शहरातल्या कचेरीत शिरत येर्को मातुलिच म्हणाला. "टाकणारी कोण, तेही ठाऊक आहे."

"मग माझ्याकडे कशाला आलात?"

"पोलीस पुरावा मागतात."

बेटावर येर्कोची खाणावळ होती. खाडीच्या तळाशी पूर्वी शेवाळाचं दाट रान असे. आता नुसता बोडका खडक. मासळीही गेली होती. शेजारीण ल्युबित्सा तंबूत राहणाऱ्या पाहुण्यांचं साबणाचं पाणी समुद्रात सोडते, असा त्याचा आरोप होता.

दुसऱ्या दिवशी नेवेंका बेटावर पोचली. तिचा मदतनीस पावाओ बूट काढून पाहणीसाठी पाण्यात उतरला आणि लंगडत बाहेर आला.

"बाई, कोणीतरी सुया पेरल्यात."

खडकावर काळ्या काटेरी गोळ्यांची दाटी होती.

ल्युबित्साने चिमटा आणून त्याचा पाय मांडीवर घेतला. "सगळा उन्हाळा हेच करतेय. पूर्वी असा गोळा एखादाच दिसायचा."

"आणि साबणाचं पाणी?" नेवेंकाने विचारलं.

"टाकीत जातं. झाकण उघडून हुंगा हवं तर."

पावाओने हुंगलं. पाणी टाकीतच जात होतं.

खाणावळीत येर्कोने त्याच्यापुढे वाफाळते शिंपले ठेवले. "सकाळीच धक्क्याखालून काढलेत." भिंतीवर माशांचे जबडे टांगले होते. "हा ओराडा मासा. या दाढांनी कसलंही कवच कडकन फोडतो. खाडीतला शेवटचा मीच धरला. चौफेर जाळी लावली होती."

नेवेंकाने ल्युबित्साला बोलावून घेतलं.

"विष असतं, तर धक्क्याखालचे शिंपले आधी मेले असते. त्यांच्यामागून पावाओ."

पावाओने हातातला शिंपला खाली ठेवला.

"शेवाळ मेलेलं नाही, चरून संपलंय. ते काटेरी गोळे म्हणजे जिवंत समुद्री अर्चिन, ते शेवाळच खातात. आणि त्यांना फोडून खाणाऱ्यांचे जबडे या भिंतीवर आहेत. गोळे माजले, रान संपलं, बारक्या मासळीचा आसरा गेला."

"मी फक्त मासे धरले," येर्को पुटपुटला.

"सगळे धरलेत."

येर्को ल्युबित्साकडे न बघताच म्हणाला, "गावभर तुझं नाव घेत फिरलो. चुकलंच माझं."

"आता जाळी?" ल्युबित्साने विचारलं.

"उचलतो. ओराडा परत येईपर्यंत."

"तोवर गोळे काय उपाशी बसणार आहेत?"

येर्कोने गोळे फोडायला हातोडा आणि बादली उचलली, आणि तो गुडघाभर पाण्यात शिरला. ल्युबित्सा काठावरून थोडा वेळ बघत राहिली. मग घागरा खोचून तीही उतरली.

"उजवीकडचा खडक माझा," ती म्हणाली. "तिथं तू हातोडा चालवायचा नाही. तिथले गोळे मीच काढणार."