मुकादमचं क्रियापद

लांब पल्ल्याची हँडिकॅप शर्यत म्हणजे गणिताशी मारामारी. चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन, सुमार घोड्याच्या पाठीवर कमी. देवाने केलेला भेदभाव माणसाने शिशाच्या पट्ट्यांनी मिटवायचा. मग अकरा घोड्यांत शहाणा कोण, हे बाराव्याने पेपरात सांगायचं.

एकतीस वर्षं तो बारावा म्हणजे हा स्तंभलेखक होता. त्याचं घर भविष्यकाळावर चाललं होतं. ‘सावकाश’ शेवटी मुसंडी मारेल. ‘दुसरा डाव’ला एवढा भार पेलणार नाही. ‘मामाश्री’ खुशीत धावेल, पण मामालोक निघायच्या वेळी अडून बसतात, तेव्हा सांभाळून.

सात नंबरच्या ‘मुकादम’वर त्याची मुलगी बसणार होती. तिच्या घोड्याबद्दल तो हात राखूनच लिहायचा. बापाने लेकीची आरती ओवाळली असं कुणी म्हणायला नको.

शर्यतीच्या दिवशी सकाळी मुद्रितशोधकबाईंचा फोन आला.

“साहेब, घोड्याची घोडी केलीत की हो!”

त्याने पेपर उघडला. ‘७. मुकादम : शेवटच्या वळणापर्यंत होती.’

“मी ‘पुढे राहील’ लिहिलं होतं. तुम्हाला डुलकी लागली असेल.”

“मला? तुमचा कागद समोर आहे माझ्या. तुमच्याच अक्षरात ‘होती’ आहे. मी दोनदा खोडून दुरुस्त केलं, खोडलेलं दिसतंय अजून. तरी छापून हेच आलं.” बाई हसल्या, पण हसू मध्येच अडलं.

त्याने बाकीच्या दहा ओळी वाचल्या. सगळ्या भविष्यकाळात, स्त्रीलिंग कुठेच नाही. या शर्यतीत घोडी नव्हतीच. व्याकरणात कर्ता दिसत नसेल तर क्रियापदावरून शोधावा. त्याने शोधला. अकरा घोडे, अकरा जॉकी. त्यांत बाईमाणूस एकच होतं.

चहा तसाच टाकून तो निघाला.

रिंगणात घोडे फिरवणं चालू होतं. ती रिकीब तपासत होती.

“आज बसू नकोस.”

“का? लंगडतोय का हा?”

“पेपरात क्रियापद चुकलंय.”

ती खदखदून हसली. “बाबा, कमाल करता! लहानपणी ‘तो पेन’ म्हटलं की ‘ते पेन, ते पेन’ म्हणून तासभर ऐकवायचात. आता घोड्यावरून उतरवताय?”

“ऐक गं माझं.”

“दोन वर्षांनी एवढी मोठी शर्यत मिळालीय. आज उतरले तर परत कोण बसवेल मला? सरका, पायात येताय.”

शर्यत सुटली. त्याने दुर्बीण डोळ्यांना लावली ती काढलीच नाही. शेवटच्या वळणावर उंच झाडी आहे. तिच्याआड घोडे क्षणभर दिसेनासे होतात. मुकादम सर्वांत पुढे आत शिरला.

एक. दोन. तीन. चार.

मुकादम बाहेर आला.

वर ती होती. लाल टोपी, वाकलेली पाठ, सगळं जागच्या जागी. तो कठड्याला धरून लहान मुलासारखा रडला.

पण तीन हजार मीटर धावलेला घोडा दमतो. हा आत्ताच तबेल्यातून मोकळा सोडल्यासारखा सुटला. इतका पुढे निघून गेला की लोक ओरडायचे थांबले.

शर्यतीनंतर जॉकीने खोगिरासकट पुन्हा वजन द्यायचं असतं. जाताना चोपन्न किलो, येताना तेवढंच. तो दाराशी पोचला, तेव्हा ती खोगीर मांडीवर घेऊन काट्याच्या खुर्चीत टेकली.

“ताई, नीट बसा ना,” कारकून म्हणाला.

“बसलेय की हो.”

काटा सहावर थांबला होता. खोगीर आणि शिसं, तेवढंच.

कारकुनाने काट्यावर टिचकी मारली. वाकून पाहिलं.

“बाबा, असे काय बघताय?” तिने टोपी काढली, घाम पुसला. “जिंकले ना मी?”

तो खुर्चीच्या गादीकडे बघत होता. ती कुठेच दबलेली नव्हती.