कल्पेशच्या बाटलीतला उजेड

आमच्या फ्रीजवरचं चुंबक खिशात टाकताना मी त्याला रंगेहाथ पकडलं.

"अहो! हे काय चाललंय?"

तो इतका दचकला की चुंबक हातातून पडलं. वरच्या खोलीत नुकताच राहायला आलेला भाडेकरू, कल्पेश. मम्मीने मोठ्या कौतुकाने कॉफीला बोलावलं, आणि साहेबांचा हा पराक्रम!

"घेणार नव्हतो... म्हणजे, घेणार होतो. पण परत देणार होतो."

"सगळे चोर हेच म्हणतात."

"मी फिजिक्स शिकवतो, कॉलेजात."

"मग तर जास्तच लाज वाटायला हवी!"

तो हसला. मान खाली घालून, एका गालात. तिथेच माझी पंचाईत झाली... पण मी कसली दाखवतेय! मी जीना. लग्नाचे केक करते, आणि वसईभर माझ्या जिभेची कीर्ती आहे.

"चुंबक कशाला हवं ते सांगा, मग देते."

तो धावत वर गेला आणि बोटभर उंचीची एक काचेची बाटली घेऊन आला. आत पाण्यासारखं काहीतरी. नोटा तपासायचा जांभळा दिवा त्याने त्यावर धरला, आणि ते पाणी हिरवट निळं उजळलं.

"बाप रे!" मी म्हटलं. खरंच तोंडातून निघून गेलं.

"आता चुंबक जवळ आणतो. उजेड किंचित वाढतो."

"कुठे वाढला? मला तर काही दिसत नाही."

"डोळ्यांना नाही दिसणार. मीटरला दिसतो."

"म्हणजे चुंबक उजेडाला ओढतं?"

"नाही ना, तीच तर गंमत!" त्याने दिवा बाजूला ठेवला. "आत दोन जातींचे रेणू आहेत. दिवा लागला की एकाचा इलेक्ट्रॉन दुसऱ्याकडे पळतो. मग दोघं एकमेकांपासून लांब भटकतात. प्रत्येकाकडे एकेक एकटा इलेक्ट्रॉन, भोवऱ्यासारखा. एक असा फिरणारा, तर दुसरा बरोबर उलटा. परत भेटेपर्यंत हा मेळ टिकला, तर उजेड पडतो. मेळ बिघडला तर भेट होते, पण उजेड नाही."

"आणि चुंबक?"

"मेळ सहजासहजी बिघडू देत नाही. बस, एवढंच. उष्णतेने रेणूंना बसणारे धक्के चुंबकापेक्षा हजारो पटींनी मोठे, तरी हे एवढंसं चुंबक तिथे काम करून जातं." तो थांबला. "मी फार बोलतो का?"

"फार. पण बोला..."

मी ऐकत नव्हते, बघत होते. जे डोळ्यांना दिसतसुद्धा नाही, त्याच्यावर इतका जीव टाकणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. मला तो आवडला. आवडला म्हणजे अगदी आवडलाच.

मग रोज संध्याकाळी काहीतरी निमित्त निघायचं. कधी केकचा उरलेला तुकडा, कधी त्याच्या गावच्या, चांदीपच्या शेतातला नवा तांदूळ. हळूहळू 'अहो'चं 'अरे' झालं. एकदा पिशवी देताना त्याची बोटं माझ्या बोटांवर राहिली, जरा जास्तच. दोघांनीही काही पाहिलं नाही असं दाखवलं.

आणि एके दिवशी तो म्हणाला, "शनिवारी बंगळूरहून एक मॅडम येतायत. प्रयोग त्यांना पटला, तर दोन वर्षं त्यांच्या प्रयोगशाळेत."

"वा!" मी म्हटलं. आणि त्याच्यासाठी आणलेला केकचा तुकडा स्वतःच खाऊन टाकला.

त्याच्या खोलीत दुपारचं ऊन तापतं, म्हणून ताजी भरलेली बाटली मी मम्मीच्या वाइनच्या कपाटात ठेवली. अंधार, गारवा, शेजारी जांभळाच्या वाइनच्या बाटल्या. "ऑक्सिजन शिरला तर उजेड खाऊन टाकतो," त्याने मला बजावलं होतं, "हवा काढून आत नायट्रोजन भरलाय, बूच हलवायचं नाही." मम्मीला सांगायचं मात्र दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

शनिवारी सकाळी त्याने बाटली दिव्याखाली धरली. उजेड अगदी मरगळलेला.

"मम्मी!" मी ओरडले. "हिला हात लावलास?"

"लावणार नाही तर काय?" मम्मी, म्हणजे रिटाबाई, स्वयंपाकघरातून म्हणाली. "रोज सगळ्या बाटल्यांची बुचं सैल करून वाफ काढते. मागे एक फुटली तेव्हा भिंत धुता धुता जीव गेला माझा. पोराची बाटली फुटू द्यायची का?"

कल्पेश खुर्चीत बसला. रागावला नाही. "मावशी, तुमचं बरोबरच आहे," म्हणाला. मग हळूच मला, "आता नायट्रोजन कुठून आणू? कॉलेजातला सिलिंडर ही बाटली भरतानाच संपला."

मला माहीत होतं कुठून. नायगावच्या बाजूला टायरवाल्याकडे गाड्यांच्या चाकांत नायट्रोजन भरतात, मोठी पाटीच आहे. मी गप्प बसले असते तर शनिवार निघून गेला असता, मॅडम गेल्या असत्या, आणि हा माणूस माझ्या डोक्यावरच्या खोलीत राहिला असता. मी त्याच्याकडे पाहिलं. तो बाटली पुसत होता.

"ऊठ," मी म्हटलं. "स्कूटर काढते."

येताना तो मागे बसला होता, गळ्यात नायट्रोजनने टम्म फुगलेली टायरची ट्यूब घालून. रस्ताभर लोक हसत होते. "अगदी शुद्ध नसणार," तो कानाशी ओरडला, "पण बहुतेक चालेल!"

कॉलेजच्या प्रयोगशाळेत बारीक नळीतून त्याने ती हवा बाटलीत बराच वेळ बुडबुडवली, बूच दाबलं, पडदे ओढले. मॅडम चष्मा सावरून बसल्या. चुंबक जवळ आलं... मीटरची रेघ वर चढली. दूर नेलं, उतरली. मॅडमनी स्वतः चुंबक हातात घेतलं आणि पुन्हा पुन्हा करून पाहिलं. शेवटी म्हणाल्या, "कधी येताय?"

मी टाळ्या वाजवल्या आणि डोळे पुसायला बाहेर आले. तो मागोमाग आलाच.

"जीना... सकाळी बूच सैल दिसलं ना, तेव्हा मला क्षणभर बरं वाटलं होतं. वाटलं, चला, जावं लागणार नाही."

"वेडा आहेस का? मग निघालास कशाला?"

"तू हेल्मेट घालून दारात उभी राहिलीस. तू मला पाठवायला निघालीस, मग मी कसा बसून राहणार?"

"मला पाठवायचं नव्हतं!" माझा आवाज फाटला. "गप्पच बसणार होते मी. पण तुझं तोंड बघवेना. मला तू आवडतोस, कल्पेश, कळतंय का तुला काही?"

त्याने माझा हात धरला, भर व्हरांड्यात, मुलं येत-जात असताना.

"मग... मावशींना विचारू?"

"लग्न मम्मीशी करायचंय?"

"तुझ्याशी."

"मग मला विचार ना!"

"जीना, माझ्याशी..."

"हो," मी म्हटलं. "आणि मी इथे वाट बघत बसणार नाही, सांगून ठेवते. बंगळुरातसुद्धा लोक लग्नं करतात आणि केक खातात."