काकांचा अर्धा अंगठा

हसू नका, पण डक्टच्या, म्हणजे एसीची हवा नेणाऱ्या पत्र्याच्या नळ्यांच्या, कामात माणसाची सही म्हणजे त्याचा अंगठा. निदान आमच्या काकांकडे तरी. सांध्यावर जाळीची पट्टी गुंडाळायची, वर फटी बुजवणाऱ्या सीलंटचा जाड थर द्यायचा आणि ओल्यातच अंगठा दाबायचा. "अंगठा दाबला म्हणजे जबाबदारी घेतली," असं ते म्हणायचे. पत्रा कापताना त्यांच्या अंगठ्याचं अर्धं पेर गेलेलं, त्यामुळे त्यांची सही हजारांत ओळखू यायची.

त्या ग्रंथालयाचं काम आम्ही दोघांनीच केलं होतं. मी तेव्हा विशीतला, अंगात वारं शिरलेलं. शेवटचा सांधा उरला होता आणि मला मॅच गाठायची होती. सांधा तसाच उघडा टाकला आणि वरूनच ओरडलो, "झालं, काका!" ते तपासायला शिडी चढत होते, ते थांबले. "तू म्हणालास ना? मग झालं." पुढच्याच महिन्यात काका गेले. खरं सांगायचं राहूनच गेलं, आणि तीस वर्षं ते काट्यासारखं सलतंय.

परवा ग्रंथालयातून फोन आला. वाचनकक्षात गार हवा पोचत नाही, आणि छतात कोणीतरी शीळ घालतं म्हणे. कुठला सांधा, ते मला विचारावं लागलं नाही.

भर दुपारी गेलो. ग्रंथपालबाईंना म्हटलं, "मी सांगेपर्यंत हवा चालू ठेवा," आणि छतावरच्या पोकळीत शिरलो. तोच वास होता, धुळीचा आणि तापलेल्या पत्र्याचा. टॉर्चच्या उजेडात एकेक सांधा दिसू लागला. काकांचा अर्धा अंगठा, मग माझा, पुन्हा काकांचा... दगडासारखे वाळलेले. डोळे भरून आले हो. पुढून शीळ येत होती. काका काम करताना घालायचे तीच चाल, आणि तीही तशीच बेसूर.

शेवटच्या सांध्यापाशी हाताची पाठ ओली करून धरली. गळती शोधायची ही काकांचीच रीत. हवा लागली. थांबली. पुन्हा लागली... आणि ती गार नव्हती, कोमट होती.

"बाई, हवा चालू-बंद करू नका!"

"अहो, मी तर मघाशीच बंद केली," खालून आवाज आला. "तुम्हीच ओरडलात ना वरून, 'झालं' म्हणून..."

मी काही ओरडलो नव्हतो.

"काका..." मी हळूच म्हणालो. "चुकलं माझं. तेव्हा खोटं बोललो... आज करतो."

हातावरची हवा थबकली. मी पत्रा पुसला, पट्टी गुंडाळली, चारही बाजूंनी सीलंट भरलं आणि अंगठा दाबला. शीळ थांबली. इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू!

सामान आवरलं आणि निघताना एकदा टॉर्च फिरवला. माझ्या अंगठ्याशेजारी ओल्या सीलंटवर अजून एक ठसा होता, अर्ध्या पेराचा. काकांनी माफ केलं, म्हणून मी तिथेच लहान पोरासारखा रडलो. मग त्या ठशावरून मायेनं बोट फिरवलं.

माझा अंगठा थरात आत रुतला होता. काकांचा मात्र बाहेर फुगून आला होता... डक्टच्या आतून दाबल्यासारखा.

आणि सांधा तर मी नुकताच हवाबंद केला होता.