नावाआधीचं कै.

हे खरं घडलंय. पटत नसेल तर सोडून द्या, पण ताईसमोर हसू नका. ती माझी मावसबहीण, आणि राग तिच्या नाकावर असतो.

गुरुवार होता. दुपारचे साडेतीन. रात्र नव्हती, वादळ नव्हतं, लाइटही गेली नव्हती. प्रकाशनाच्या ऑफिसातली प्रुफं तपासायची खोली. एक टेबल, एक खिडकी.

ताई संपादक. विज्ञानकथा आणि अद्भुतकथांचा संग्रह काढत होती. तेरा कथा, तेरा लेखक. बारा जणांनी तिचं डोकं खाल्लं होतं. एकाला आपलं यान पहिल्याच पानावर हवं, दुसरीला आपला राक्षस शेवटी नको.

तेरावी कथा दादाची होती. तिच्या सख्ख्या भावाची.

दादा याच खोलीत प्रुफं तपासायचा. सात वर्षांपूर्वी "आलोच" म्हणून उठला, तो परत आलाच नाही. पोलीस झाले, दवाखाने झाले, पेपरात फोटो देऊन झाला. त्याच्या खणात ही एकच कथा सापडली. दोन मिनिटांच्या मधल्या फटीत अडकलेल्या माणसाची. त्याला सगळे दिसतात, तो कुणाला दिसत नाही.

त्यांची आई, म्हणजे माझी मावशी, अजून दर आठवड्याला त्याचा टॉवेल धुऊन वाळत घालायची. ताईला ते बघवत नव्हतं. म्हणून तिनं मन घट्ट केलं आणि प्रुफात दादाच्या नावाआधी 'कै.' लिहिलं. आई छापलेलं वाचेल, रडेल, आणि एकदाची सुटेल.

दुरुस्त केलेलं प्रूफ आलं.

'कै.' नव्हतं…

"डोळे कुठे असतात रे तुझे?" ताई कॉम्प्युटरवर अक्षरजुळणी करणाऱ्या ऑपरेटरवर खेकसली.

"ताई, शप्पथ, टाकलं होतं."

"मग काय पाय फुटले त्याला?"

तिनं पुन्हा लाल पेननं लिहिलं. पुन्हा तेच.

तिसऱ्यांदा ती त्याच्या पाठीशीच उभी राहिली. स्क्रीनवर 'कै.' स्वच्छ दिसत होतं. प्रिंटरमधून कागद बाहेर आला…

नव्हतं.

तिनं ऑपरेटरला चहाला पिटाळलं. टेबलावर बसून स्वतः 'कै.' लिहिलं, इतकं दाबून की कागद फाटायचाच राहिला. मग पाणी प्यायला वळली.

मागे आवाज आला…

टक. टक. टक.

पान तपासून झालं की दादा पेन्सिल अशीच तीनदा टेबलावर आपटायचा.

ती वळली. खोलीत कुणी नव्हतं. तिच्या 'कै.'वर काट मारलेली होती. शेजारी समासात, पेन्सिलीनं, दादाच्या तिरक्या अक्षरात…

'आहे तसे ठेवा.'

दुरुस्तीच चुकली असेल तर प्रुफं तपासणारे असंच लिहितात.

ताई घाबरली नंतर. आधी भडकली.

"असशील तर घरी ये ना," ती रिकाम्या खुर्चीला म्हणाली. "नसशील तर हे एवढं एक अक्षर तरी छापू दे. आम्हाला असं टांगून का ठेवलंयस?"

पंखा फिरत होता. त्याचा आवाज मात्र येत नव्हता…

शेवटी तिनं हात टेकले. ऑपरेटर आल्यावर म्हणाली, "जाऊ दे तसंच."

पुस्तक छापून आलं. आईनं दादाच्या नावावरून बोट फिरवलं. मग मागचं लेखक परिचयाचं पान काढलं. बारा जणांची शिक्षणं, नोकऱ्या, बक्षिसं. दादाचा परिचय ताईनं दिलाच नव्हता. काय देणार होती?

तरी त्याच्या नावाखाली एक ओळ होती…

'सध्या इथेच असतो.'

सगळ्या प्रतींत आहे. छपाईला पाठवलेल्या फाइलमध्ये नाही. ऑपरेटरनं त्याच आठवड्यात नोकरी सोडली.

आई आता टॉवेल रोज धुते. आणि रोज विचारते, "इथेच म्हणजे कुठे गं?"

ताई काय सांगणार? तिला धड रडता येत नाही, धड वाट बघणं सोडता येत नाही. साडेतीन वाजले की हातातलं काम टाकून कान देऊन बसते.

परवा मी तिच्या ऑफिसात गेलो. विचारलं, "अजून ऐकू येतं का गं?"

माझ्यावरच खेकसली.

"गप्प बसता येत नाही का तुला? दोनदा वाजलं होतं. तिसरं तुझ्या बडबडीत गेलं."