दारातली बाहुली

सडा टाकायला कावेरीनं बादली उचलली, कडी काढली, आणि पाऊल उंबऱ्याबाहेर पडायच्या आतच तिचं अंग गार पडलं.

दारात बाहुली होती. वीतभर, पांढऱ्या चिंध्यांची. पोटात टाचण्या खुपसलेल्या. शेजारी चिरलेलं लिंबू, त्यावर हळदकुंकू. बाहुलीच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेले दोन बिब्बे. असली लिंबं तिनं गेल्या आठवड्यात गावात, खडकवाडीत, इतरांच्या दारात पाहिली होती. पण या बाहुलीला झगा घातला होता. पिवळा, त्यावर बारीक निळी फुलं. सायलीच्या फ्रॉकचं कापड!

बादली तिथंच टाकून ती आत पळाली. सायली गोधडीत गाढ झोपली होती. कावेरीनं लेकीच्या छातीवर हात ठेवला. श्वास चालू होता. तरी हात काढायचा धीर होईना.

आता तुम्ही म्हणाल, लाल झेंड्याची उमेदवार, आणि बाहुलीला भ्याली? भ्याली तर! भाषणात बुवाबाजीवर बोलणं वेगळं आणि आपल्या लेकराच्या फ्रॉकात टाचण्या बघणं वेगळं.

पंचायत समितीची निवडणूक लागली होती. कावेरीच्या समोर राजेश्वर मुकादमाची बायको उभी होती. बायको नावापुरती, उभा होता तो मुकादमच. केज तालुक्यातल्या ऊसतोडीच्या निम्म्या टोळ्या त्याच्या हाताखाली. थंडीचे दिवस, तोडणी जोरात, म्हणून निम्मं गाव कारखान्यावर गेलेलं. मागं राहिल्या होत्या म्हाताऱ्या आणि लेकरं. कावेरीची सारी मदार या म्हाताऱ्यांवर.

लाल झेंड्याची प्रचाराची जुनी रीत होती. घराघरात जायचं, बोलायचं आणि मूठभर ज्वारी मागायची. त्या ज्वारीच्या भाकरी प्रचाराच्या पोरांनी खायच्या. मूठ दिली की मत दिलं, असं समजायचं. सटवा आपल्या रिक्षावर भोंगा लावून पुढं, मागं कावेरी आणि आप्पा.

आप्पा म्हणजे तालुक्यातले सगळ्यात जुने कॉम्रेड. लग्न केलं नाही, चूल मांडली नाही. पक्षाच्या खोलीत झोपायचं, हॉटेलातला चहा, कार्यकर्त्यांच्या घरी जेवण आणि पहाटे गावभर फिरणं. कुठं करणीचं लिंबू निघालं की आप्पा ते सगळ्यांसमोर पिळून सरबत करून प्यायचे आणि ढेकर द्यायचे. कावेरी त्यांच्याच हाताखाली बोलायला शिकली होती.

यंदा पहिलं लिंबू निघालं तेव्हा लोक आप्पांकडं धावले. आप्पा म्हणाले, "फेकून द्या बाबांनो, माझं पोट बिघडलंय." दुसऱ्या दिवशी आणखी लिंबं निघाली. ज्यांनी मूठ दिली त्यांच्याच दारात, बाकीच्यांच्या नाही. तिसऱ्या दिवसापासून कावेरी दिसली की दारं लागायला लागली.

"अहो, उठा," तिनं नवऱ्याला हलवलं.

सिद्धेश्वर रस्त्यावरच्या दुकानात शिवणकाम करायचा. बाहुली बघून त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"हे कापड कुठलं?" कावेरीनं विचारलं.

"माझ्याच दुकानातलं. चिंध्याच्या पोत्यातलं."

"पोत्याला हात कोन लावतं?"

"कोन न्हाई लावत? सटवा भोंगा पुसायला नेतो. आप्पा चष्मा पुसायला घेतेत. समदा गाव बसतो तिथं." त्याचा आवाज चिरकला. "कावेरी, बास झालं आता. घरी बस. मला लेकरू पायजे, पंचायत समिती न्हाई."

कावेरी त्याच्याकडं बघतच राहिली. तिनं घरी बसावं असं पहिल्या दिवसापासून यालाच वाटत होतं. कापड याचंच. टाचण्याही याच्याच. आणि अंगठ्याजवळच्या बोटाला चिंधी बांधलेली!

"बोटाला काय झालं?"

"मशीनची सुई लागली. कावून?"

"सोडा बघू चिंधी."

त्यानं चिंधी सोडली. सुईचं एक भोक, सुकलेलं. कावेरीनं सुस्कारा सोडला.

रद्दीच्या कागदानं तिनं बाहुली उचलली. बिब्ब्याला ती उघड्या हातानं शिवली नाही; त्याचं तेल लागलं की कातडी उतते, फोड येतात. बिब्बे ओले होते, टोचताना त्यांचं तेल निघून बाहुलीच्या तोंडावर अंगठ्याचा काळपट ठसा उमटला होता. बाहुली तिनं डब्यात घातली. मग सायलीला न्हाऊ घातलं, वेणी घातली आणि रोजच्यासारखी शाळेत पाठवली. नवरा नको नको म्हणत होता.

"आज घरात ठिवली तर समद्या गावाला कळंल की आपुन भ्यालो," ती म्हणाली. शाळा गावाबाहेर, फाट्याकडच्या रस्त्याला. लेक वळणाआड जाईपर्यंत ती दारात उभी राहिली.

मग ती सटवाकडं गेली. सटवा रिक्षाखाली आडवा पडून काहीतरी ठोकत होता.

"सटवा, भाईर ये. हात दाखीव."

"हात? ताई, भविष्य बगता का काय?" तो हसत बाहेर आला. हात ग्रीसनं काळे. कावेरीनं आपल्या पदरानं ते पुसले. खाली कातडी धड होती. सटवाचं हसू गेलं.

"ताई, माझ्यावर इस्वास न्हाई व्हय?"

"आज कुनावरच न्हाई रं. मूठ कुनी दिली ते तुला ठाऊक. ज्वारीचं पोतं तूच धरतो."

"मग सुंदरबाईचं काय?" सटवा चिडून म्हणाला. "तिच्या बी दारात लिंबू निघालं. तिनं कुठं मूठ दिलती? माझ्या देखत दार लावलं म्हातारीनं. पुतण्या मुकादमाच्या टोळीत हाय तिचा."

कावेरी थबकली. खरंच की! सुंदरबाईनं दारात मूठ दिलीच नव्हती. तिनं ती दिली होती नेकनूरच्या बाजारात. कावेरी आणि आप्पा पत्रकं वाटत होते, तेव्हा म्हातारी अंगाला घासून गेली आणि पदराची गाठ सोडून पिशवीत ज्वारी टाकून गेली. "कुनाला सांगू नगंस, तुझ्या नवऱ्याला बी न्हाई," असं बजावून. कावेरीनं सांगितलं नव्हतं. सटवा तर त्या दिवशी वडवणीला भोंग्याची बॅटरी आणायला गेला होता.

ती तशीच सुंदरबाईकडं गेली. म्हातारीनं दार किलकिलं केलं.

"मावशी, त्या मुठीचं तुमी कुनापाशी बोललात?"

"माझं डोकं फिरलंय का? तूच बोलली असशील."

"न्हाई मावशी. सायलीची शपथ."

"मग भुतानंच सांगितलं म्हनायचं!" म्हातारीनं कडी लावली. आतून तिचं रामनाम ऐकू येत होतं.

कावेरी रस्त्यात उभी राहिली. ऊन चांगलं वर आलं होतं, तरी तिला हुडहुडी भरली. एकच नाव उरत होतं, आणि ते घ्यायला मन तयार होईना. बाजारात इतकी माणसं, कुणी लांबून पाहिलं असेल, असं तिनं मनाला समजावून पाहिलं. मन समजेना.

दुपारी दुकानात सगळे जमले. सिद्धेश्वर मशीनवर, सटवा पायरीवर. आप्पा शाल लपेटून आले. नेहमीसारखं "लाल सलाम" म्हणाले आणि शालीतून मूठ वर केली. डावी मूठ. हॉटेलचा चहा आला, तोही त्यांनी डाव्या हातानं घेतला.

कावेरीनं डबा उघडून बाहुली टेबलावर ठेवली.

"आप्पा, हे सायलीच्या नावानं आलंय. आज माझ्या दारात व्हतं."

आप्पांनी बाहुलीकडं बघितलं नाही. "पोर कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

"उजवा हात दाखवा, आप्पा."

"चहाचं पातेलं उलटलं गं. भाजलंय जरा."

"कुठलं पातेलं? तुमच्या खोलीत चूल न्हाई का इस्टू न्हाई."

आप्पांनी हळूच शाल बाजूला केली. हाताला फडकं गुंडाळलेलं. सोडलं तर बोटं सुजलेली, अंगठ्यावर टपोरे फोड, मधे काळा डाग.

"बिब्बा उतलाय," कावेरी म्हणाली. "सकाळी मला वाटलं, हे भगताचं काम. मग बाहुलीच्या तोंडावर अंगठा बघितला. भगत असता तर हाताला खोबरेल चोळून बिब्बा टोचला असता. गावातली कुठलीबी बाई तेलाचा हात घेतल्याबिगर बिब्ब्याला शिवत न्हाई. उघड्या हातानं त्यो टोचनार कोन? ज्यानं जन्मात करणी केली न्हाई, ज्याच्या घरात बाळंतीन न्हाई, बिब्बा न्हाई, असा मानूस. सटवाचा हात बघितला, ह्यांचा बघितला. सुंदरबाईची मूठ तुमच्याशिवाय कुनी पाह्यली न्हाई. पहाटे तुमी गावभर फिरता, तुमाला दारात वाकताना बघून कुनाला संशय बी यायचा न्हाई. आन् दरसाल सरबत पिणाऱ्या मानसाचं पोट यंदाच कसं बिघडलं? तुमी ते लिंबू प्याला असता तर गावाचं भ्या तिथंच गेलं असतं. तुमाला ते जायला नकोच व्हतं."

"आप्पा, न्हाई म्हना की ओ," सटवा पुटपुटला.

आप्पा न्हाई म्हणाले नाहीत. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"किती घेतलं मुकादमाकडून?" सिद्धेश्वर ओरडला.

"पैसा असता तर बरं झालं असतं रे," आप्पा म्हणाले. "राजेश्वरनं बोलावलं व्हतं. मोबाइलवर फोटू दाखवला. सायली. दप्तर पाठीला, शाळेच्या रस्त्यानं एकटी चाललेली. म्हनला, 'आप्पा, लेकरू लई गोड हाय, अन् रस्ता लई सुना हाय. निकाल काय लागतो ते बगू.' बास. येवडंच बोलला."

"मला कावून न्हाई सांगितलं?"

"तू थांबली असतीस?"

कावेरीनं बाहुलीच्या पोटातली एक टाचणी उपटली.

"लाठ्या खाल्ल्या, जेलात गेलतो, कदी भ्यालो न्हाई," आप्पा म्हणाले. "त्या फोटूला भ्यालो. वाटलं, लोकं भ्याली, दारं लावली, तू पडलीस, की तो पोरीचा नाद सोडंल. तू काय मागं सरना. मग ही बाहुली केली. हे बघून निदान पोरीला तरी घरात ठिवशील असं वाटलं. कुठं हाय ती?"

सिद्धेश्वरच्या हातातली कात्री खाली पडली. "शाळेत हाय! आन् आता सुटंल शाळा!" तो अनवाणीच पळत सुटला.

आता कावेरीला बाहुलीचं काहीच वाटत नव्हतं. डोळ्यांपुढं तो सुना रस्ता होता. तिनं आप्पांचं मनगट धरलं आणि त्यांना ओढत रिक्षात बसवलं.

"सटवा, फाट्याला घे. भोंगा चालू कर. आप्पा, बोला."

"काय बोलू?"

"आत्ता बोललात तेच. म्हाताऱ्यांना तुमी भेवडावलंय, आता भ्या काढायचं बी तुमीच. मुकादमाचं नाव घिऊन बोला."

रिक्षा गावातून निघाली. आधी नुसती खरखर आली. मग भोंग्यातून आप्पांचा आवाज फुटला.

"ऐका हो! लिंबं मी ठिवली. आप्पानं ठिवली. करणी न्हाई, जादू न्हाई, ह्या हातानं ठिवली. राजेश्वर मुकादमानं कावेरीच्या पोरीला धमकी दिली म्हनून मी भ्यालो. पोर शाळेत हाय, रस्त्याला कुनी न्हाई. तोंडात थुंका माझ्या, पन आदी भाईर या!"

पहिल्या गल्लीत एकही दार उघडलं नाही. दुसऱ्या गल्लीत एक कडी वाजली. कावेरीनं मागं वळून बघितलं नाही. तिची नजर समोर, फाट्याच्या वळणावर होती.

वळण संपलं. रस्त्याच्या कडेला बाभळीखाली बिननंबरची जीप उभी होती. आत दोघं, एकाच्या हातात मोबाइल. पलीकडून सिद्धेश्वर सायलीला कडेवर घेऊन येत होता. नऊ वर्षांची पोर, पाय खाली लोंबतायत, आणि तो धापा टाकत जीपकडं बघत जागीच थिजलेला. कावेरी रिक्षातून उतरली. जीपचं इंजिन सुरू झालं.

तेवढ्यात मागून कालवा ऐकू आला. म्हाताऱ्या येत होत्या. कुणी काठी टेकत, कुणी नातवाला काखेत मारून, कुणी भाकरीच्या पिठानं भरलेल्या हातांनी. पुढं सुंदरबाई. वाटेत तिनं आप्पांकडं एक नजर टाकली आणि थुंकली. मग ती सरळ जाऊन जीपच्या तोंडासमोर उभी राहिली. बाकीच्या जीपच्या भोवती उभ्या राहिल्या. कावेरीनं सायलीला नवऱ्याच्या कडेवरून घेतलं आणि छातीशी इतकं आवळलं की पोर "आई, दुखतंय" म्हणाली.

जीपमधल्यानं मोबाइल खाली घेतला.

"खाली कावून घेतो बे?" सुंदरबाईनं बॉनेटवर काठी आपटली. "काढ की फोटू! आता समद्या हाओत. तुझ्या मुकादमाला नेऊन दाखीव."